बॉल पायथनला यूव्ही दिवा लावायलाच हवा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात रावपुऱ्यातल्या घरी वर्षभराचा बॉल पायथन, म्हणजे पाळायचा छोटा अजगर, आहे, उंदीर नीट खातो, कातही अखंड टाकतो. दुकानदार म्हणतो यूव्ही (अतिनील) दिवा नाही लावला तर हाडं मऊ पडतील. वडील म्हणतात एवढा खर्च कशाला, पेटी गॅलरीत उन्हात ठेव. आणि पाण्याचं मशीन दुरुस्त करणारा त्याच्याकडची यूव्ही ट्यूब स्वस्तात लावून द्यायला तयार आहे.

ट्यूबवाल्याला आधी स्पष्ट नाही म्हणा. पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनमधली ट्यूब यूव्ही-सी किरण सोडते, साधारण २५४ नॅनोमीटरचे, आणि ते जंतू मारण्यासाठी असतात. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो इतकंच. झोंबलं तरी डोळे मिटायची सोय त्याला नाही. त्या ट्यूबखाली त्याचे डोळे आणि कातडी भाजेल, झाकण उघडताना तुमचेही डोळे भाजतील.

आता गॅलरी. वडिलांचा हेतू चांगला आहे, पण हाडांसाठी कामाचे अतिनील किरण म्हणजे यूव्ही-बी, आणि साध्या काचेतून ते जवळजवळ आत येतच नाहीत. येते ती उष्णता, आणि ती आतच कोंडते. बडोद्यात मे महिन्यात सावलीतच चाळिशी ओलांडते. उन्हातली काचेची पेटी तेव्हा किती तापेल विचार करा. सापाला घाम येत नाही, पेटीत पळायला थंड कोपराही उरत नाही. थंडीतलं कोवळं ऊनसुद्धा बंद काचेत थोड्या वेळात जीवघेणं होतं. तेव्हा पेटी उन्हात नाही, अगदी पाच मिनिटंसुद्धा नाही.

दुकानदाराचं अर्धं खरं आहे. कातडीवर यूव्ही-बी पडलं की तिथे डी-३ जीवनसत्त्वाचा आधीचा पदार्थ तयार होतो, अंगाच्या उबेने त्याचं डी-३ होतं आणि त्यामुळे अन्नातलं कॅल्शियम शरीरात शोषलं जातं. पाला खाणाऱ्या इग्वाना सरड्याला हे मिळालं नाही तर हाडं खरोखर मऊ होतात. तोच नियम दुकानदार सापाला लावतोय. पण साप अख्खा उंदीर गिळतो: हाडांतून कॅल्शियम, यकृतातून डी-३. म्हणून पिढ्यान् पिढ्या यूव्हीशिवाय वाढवलेले बॉल पायथन जगतात, पिल्लंही देतात. तुमच्या सापाची हाडं दिव्यावाचून मोडणार नाहीत.

मग विषय संपला का? माझ्या मते नाही. २००८ मध्ये कॉर्न स्नेकवर झालेल्या अभ्यासात यूव्ही-बीखाली ठेवलेल्या सापांच्या रक्तातलं डी-३ वाढलेलं आढळलं, २०१८ मध्ये बर्मीज पायथनमध्येही. बॉल पायथनवरच्या २०१३ च्या अभ्यासात मात्र तसा फरक दिसला नाही. रक्तातला आकडा वाढला म्हणजे साप जास्त निरोगी झाला असंही यातून सिद्ध होत नाही. पण बॉल पायथनच्या डोळ्यात यूव्ही-ए (अतिनील किरणांचा आणखी एक प्रकार) ओळखणाऱ्या पेशी आहेत, म्हणजे तो प्रकाश त्याला दिसतो. तो नसेल तर त्याच्या दिवसाच्या उजेडातला एक भाग गायब असतो. माझी मादी निशाचरच आहे, दिवसभर कॉर्कच्या सालीखाली असते. तरी सकाळी ट्यूब लागल्यावर कधीकधी वेटोळ्याचा एकच पेड बाहेर सरकवते, डोकं आतच. थोडा वेळ तसाच ठेवते आणि हळूच ओढून घेते. निवड तिची असते, आणि ती निवड तिला मिळावी म्हणून मी ट्यूब लावते.

पण पैसे मोजकेच असतील तर आधी पेटीचं तापमान ठरावीक ठेवणारा चांगला थर्मोस्टॅट घ्या. उबदार बाजू ३१-३३ अंश, थंड बाजू २५-२७, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास, दोन्हीकडे घट्ट लपायची जागा. हे जमलेलं नसताना यूव्ही लावणं म्हणजे गळक्या घराला रंग देणं. मे महिन्यात तर तुमची खरी लढाई खोली थंड ठेवण्याची आहे.

लावायचीच ठरली तर सरीसृपांसाठीची पाच-सहा टक्के यूव्ही-बीची लांब टी-फाइव्ह (बारीक नळीची) ट्यूब घ्या. वाळवंटी सरड्यांची दहा-बारा टक्क्यांची नको. ती जाळीच्या वर ठेवा, काचेच्या झाकणावर ठेवली तर उपयोग शून्य. सापाच्या पाठीपासून ४०-४५ सेंटीमीटर अंतर, टायमरवर बारा तास, आणि पेटीचा निम्मा भाग पूर्ण सावलीत. साप सर्वांत जवळ येतो तिथे यूव्ही इंडेक्स, म्हणजे यूव्हीच्या तीव्रतेचा आकडा, एकच्या वर जाऊ देऊ नका. साप अल्बिनो (अंगात काळं रंगद्रव्य नसलेला) असेल तर त्याहूनही कमी, किंवा नकोच. ट्यूब दिसायला पेटत राहते, पण यूव्ही-बी वर्षभरात बरंच उतरतं, म्हणून लावल्याची तारीख ट्यूबच्या पट्टीवरच लिहून ठेवा.

केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर सापाची नोंदणी झाली नसेल तर ती या सगळ्याच्या आधी करा. यूव्ही इंडेक्स मोजणारा यूव्ही मीटर महाग असतो, एका पेटीसाठी विकत घेऊ नका. माझ्याकडे आहे, ट्यूब बसवलीत की कळवा, दांडिया बाजारातून तुमच्याकडे यायला वेळ लागत नाही.