गोळी मनाने बंद करू नका

प्रश्न : मी ५३ वर्षांची आहे. ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं, आता ८ महिने लेट्रोझोल चालू आहे, पण सकाळी उठलं की बोटं वळतच नाहीत, बाटलीचं झाकण उघडत नाही, जिना उतरताना गुडघे ठणकतात. ही गोळी ५ वर्षं घ्यायची म्हणे, मला तर आत्ताच सोडून द्यावीशी वाटतेय. मैत्रीण म्हणते अ‍ॅक्युपंक्चर कर. डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात, मग सुया टोचलेल्या चालतील का?

उत्तर : ताई, चालतील, पण आधी गोळीचं बोलू, कारण मला खरी काळजी तिची वाटतेय. ही गोळी शरीरातलं इस्ट्रोजेन जवळजवळ संपवते, म्हणजे कॅन्सरच्या पेशींना खतपाणी मिळत नाही, आणि त्याच इस्ट्रोजेनच्या कमतरतेमुळे सांधे आखडतात. तुमचं दुखणं खरंच आहे, मनाचे खेळ नाहीत, पण कितीतरी जणी ह्याच दुखण्यापायी गोळी अर्धवट सोडतात आणि तिथे कॅन्सर परत यायचा धोका वाढतो.

तुमच्यासारख्याच २२६ जणींवर अमेरिकेत एक ट्रायल झाली, २०१८ साली छापून आली. काहींना खरं अ‍ॅक्युपंक्चर, काहींना नुसतं वरवरचं, काहींना काहीच नाही. ६ आठवडे आठवड्यातून २ वेळा, पुढे ६ आठवडे एकेकदा. शून्य ते १० मध्ये दुखणं मोजलं तर खऱ्या सुयांनी साधारण २ अंकांनी उतरलं, बाकीच्या दोन्हींत १ नेच. फरक थोडाच आहे हो, जादू नाही, पण झाकण उघडायला लागलं, जिना उतरता आला आणि गोळी चालू राहिली तर मला तो १ अंक फार मोलाचा वाटतो. त्रास म्हणाल तर बहुतेक वेळा सुईच्या जागी थोडं काळंनिळं पडतं एवढंच.

डाव्या हाताला मात्र सुई नको, तिथे सूज आणि इन्फेक्शनची भीती असते, हे टोचणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा, बाकी अंगावर पॉइंट भरपूर आहेत. सुया दरवेळी नवीन, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल किंवा प्लेटलेट्स कमी असतील तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. आणि कोणी म्हणालं सुयांनी कॅन्सरच बरा करतो, गोळी बंद करा, तर तिथून सरळ उठून या.

सोबत रोज चालणं आणि हलका व्यायाम हवाच, त्यानेही हे दुखणं कमी होतं, सुरुवातीला जीवावर येईल पण करा. एकाच जागी सतत दुखत असेल, रात्री झोपू देत नसेल तर सुयांची वाट बघू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा. एरवीही हे सगळं त्यांच्या कानावर घालाच, ते गोळी बदलूनही देऊ शकतात, एकीने त्रास झाला तरी दुसरी कधीकधी सोसते.

आजपासून रोज सकाळी दुखणं १० पैकी किती ते वहीत लिहा. ६ आठवड्यांनी आकडा हलला नसेल तर सुया थांबवा, गोळी नाही.