नाशिकमध्ये घरीच इलेक्ट्रिक गिटारचा फ्रेटबोर्ड (मानेवरची, तारांखालची लाकडी पट्टी) बनवायचा आहे. लाकूड कोणतं घ्यावं आणि वर पॉलिश करावं का?

शिसवी घ्या, डोळे झाकून. जगभरच्या गिटारींवर जो 'इंडियन रोझवूड' असतो तो हाच. शिसम (सिस्सू) वेगळा. वखारीत दोन्ही एकाच नावाने खपवतात, म्हणून कापलेली बाजू बघून घ्या: शिसवीत जांभळट छटा असते, शिसम तपकिरी-सोनेरी दिसतो. शिसमही चालतो, पण सागवान नको. दारं-खिडक्यांना उत्तम, तारांखाली मात्र मऊ पडतो.

लाकडाच्या जातीपेक्षा मला सुकवण महत्त्वाची वाटते. आपल्याकडे एप्रिलमध्ये हवा कोरडी ठणठणीत आणि जुलैत सगळं ओलं. कच्चं लाकूड उन्हाळ्यात रुंदीत आकसतं आणि फ्रेटची (पट्टीत आडव्या ठोकलेल्या धातूच्या तारांची) टोकं बोटांना टोचायला लागतात. त्यामुळे जुन्या शिसवी पलंगाची फळी मिळाली तर सोडू नका. रेषा सरळ हव्यात, गाठ नको. सहा मिलिमीटर जाडी पुरे.

शिसवीला लॅकर (वार्निशसारखा पॉलिशचा थर) लागत नाही, ते मेपल या फिकट लाकडाला लागतं. नाहीतर तो घामाने काळा पडतो. शिसवी २२०, ४०० आणि ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा (मास्क लावून, तिचा भुस्सा काहींना बाधतो). मग फ्रेट ठोकून झाले की जवसाच्या तेलाचा ('बॉइल्ड लिनसीड ऑइल' म्हणून विकतात ते, घरी उकळायचं नाही) हलका हात द्या आणि दहा मिनिटांनी कोरडं पुसा. खोबरेल अजिबात नको, ते वाळत नाही. तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेटू शकते. बाहेर पसरून वाळवा.