केसांचं काय करू? : स्ट्रेटनरच्या आधीचं काम

माझे केस राठ आणि नागमोडी आहेत. धुतल्यावर पंख्याखाली वाळवते, मग स्ट्रेटनर तीन-तीनदा फिरवते. तरी तासाभरात पुन्हा फुगतात. महागडं मशीन घेऊ का? – अलिबाग

पैसे तूर्त राहू द्या, चूक पंख्याखाली होते आहे. केस भिजला की त्याच्या आतले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्याच आकारात ते पुन्हा जुळतात. पंख्याखाली मोकळे सोडलेले केस वाळेस्तोवर लहर पक्की झालेली असते. मग स्ट्रेटनर तिच्याशी झगडत बसतो आणि भरपाई म्हणून तुम्ही उष्णता वाढवता.

सुरुवात न्हाणीघरातूनच करा. कंडिशनर मुळांना नको. कानापासून खाली टोकांपर्यंत लावून दोन-तीन मिनिटं ठेवा आणि तो केसांत असतानाच रुंद दातांच्या कंगव्यानं गुंता काढा, टोकांकडून वर सरकत. टॉवेलनं खसाखसा पुसू नका. जुना सुती टी-शर्ट किंवा पंचा घेऊन दाबून पाणी टिपा. ओलसर केसांना उष्णतेपासून जपणारं क्रीम किंवा स्प्रे लावा आणि एकदा विंचरा, म्हणजे ते सगळीकडे पोचेल. हातानं केस हलवत ड्रायरनं साधारण तीन चतुर्थांश वाळवा. खरी मेहनत उरलेल्या ओलीवर घ्यायची.

आता ड्रायरला चपटं नोझल लावा. खोक्यातच पडून राहतो तो हाच तुकडा, आणि त्याच्याशिवाय हवा चहूकडे उधळून केस पिंजारतात. केसांचे चार भाग करून चाप लावा आणि मानेकडून सुरुवात करा. बट ब्रशच्या रुंदीपेक्षा मोठी घेऊ नका. राउंड ब्रशनं बट ताणून धरा, ड्रायर ब्रशच्या मागोमाग न्या. झोत नेहमी मुळाकडून टोकाकडेच हवा. केसावरचे खवले कौलांसारखे एकावर एक असतात, उलट्या वाऱ्यानं ते उचकटतात आणि चमक जाते. बट पूर्ण वाळल्यावर थंड हवेचं बटण दहा सेकंद दाबा आणि मगच ब्रश काढा. गरम केस सोडला तर तो पुन्हा वळतो. डोक्याच्या मागचा, मानेजवळचा भाग बहुतेकींचा दमट राहतो. दोन मिनिटं थांबून बोटांनी चाचपा. गार लागला तर अजून ओल आहे.

एवढं नीट झालं की स्ट्रेटनर नुसता शेवटचा हात. बट दोन-तीन सेंटिमीटर रुंद आणि पातळ घ्या. राठ, न रंगवलेल्या केसांना 180 अंश सेल्सिअस पुरतात, रंगवलेल्यांना 150 ते 160. एकदाच, न थांबता, संथ फिरवा. मध्येच थांबलात तर तिथे आडवी घडी पडते. केस गार झाल्यावर सीरमचे दोन-तीन थेंब तळहातावर चोळून टोकांना लावा.

स्ट्रेटनर लावला की चर्र आवाज येतो. हल्ली टोकांवर पांढरे ठिपकेही दिसतात आणि केस तिथेच तुटतो. – सोलापूर

स्ट्रेटनर आजच थांबवा. लावलेल्या स्प्रेची थोडी वाफ दिसू शकते, पण चर्र आवाज म्हणजे केस ओला आहे. आत अडकलेलं पाणी उकळून केसात बुडबुडे होतात आणि केस पोकळ, ठिसूळ बनतो. पांढरे ठिपके ही तुटत आलेली जागा असते. कुठल्याही मास्कनं ती सांधत नाही, ठिपक्याच्या सेंटिमीटरभर वर कापणं एवढाच उपाय. आणि हो, आधी तेल लावूनही इस्त्री करू नका: केस चिकट होतात, पट्ट्यांवर राप बसतो. खोबरेल तेल धुण्याच्या आदल्या रात्री लावा. ते केसात मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं.

पार्लरमध्ये केस सरळ करण्यासाठी ‘फॉर्मेलिन नसलेलं’ केराटिन सुचवलंय. करू का? – ठाणे

आमचं मत नको असंच. फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइड, आणि ते कर्करोगकारक आहे हे ठरलेलंच आहे. ते नाही असं सांगितलेल्या बऱ्याच उत्पादनांत त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. 2024 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी एका तरुणीची नोंद दिली होती. तिनं तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा त्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाली. तिच्यावर वापरलेल्या क्रीममध्ये हेच आम्ल होतं. तेव्हा बाटली मागून घेऊन घटकांची यादी स्वतः वाचा. ‘नाव सांगता येत नाही’ असं उत्तर आलं तर उठून या. मूत्रपिंडाचा त्रास आधीपासून असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर विचारही करू नका.

पावसाळ्यात लोकलमधून उतरेपर्यंत सगळी मेहनत वाया जाते. – डोंबिवली

जाणारच. हवेतली ओल केसातले तेच हायड्रोजन बंध पुन्हा सोडवते. सीरमनं थोडा वेळ मिळतो, एवढंच. जुलैत मोकळ्या सरळ केसांचा हट्ट सोडा आणि मानेजवळ घट्ट अंबाडा घाला. ओलसर केसांत मधोमध भांग पाडा, वाटाण्याएवढं जेल तळहातांवर पसरून कपाळाकडून मागे लावा, बारीक दातांच्या कंगव्यानं चापून विंचरा. वरून सुती रुमाल बांधून दहा मिनिटं ठेवा. रुमाल सोडताना मागे सरकवू नका, सरळ वर उचला, नाहीतर कपाळावरचे बारीक केस पुन्हा उभे राहतात.