नारळाच्या करट्यांच्या (कवट्यांच्या) धुराचं पाणी वांग्यांवर मारू का?

प्रश्न : नमस्कार सर, शिरोड्याला आमचं छोटं कुळागर (माड-पोफळींची बाग) आहे. नारळ पाडणारा पाडेली येऊन गेला की सोडणं (नारळाची सालं), करट्या, चुडतांचा (झावळ्यांचा) ढीग पडतो, न्हाणीच्या चुलीत तरी किती घालणार? भावाने व्हिडिओ बघून ड्रममध्ये करट्यांचा कोळसा केला आणि धूर पाइपातून थंड करून दोन बाटल्या काळपट पाणी काढलं. वास धुरकट-आंबट, पीएच पट्टीवर 3. हे वांग्यांवर मारू का? आणि आई विचारते, हे आपलं लोणच्यातलं विनागरच (व्हिनेगर) ना?

उत्तर : आधी आईंना सांगा, नाही हो! आपलं विनागर माडाची सूर (माडी) आंबवून होतं, हे धुराचं. दोघांत ॲसेटिक ॲसिड असतं एवढंच काय ते नातं. ह्यात मिथेनॉल, फिनॉल, डांबर अशी सगळी मंडळी असतात, तेव्हा बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा आणि स्वयंपाकघराबाहेर ठेवा, आपल्या घरांत विनागर पण जुन्या दारूच्या बाटलीतच असतं म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता वांगी. आज मारू नका. हे पाणी झाकण लावून सावलीत निदान तीन महिने न हलवता ठेवायचं. वर तेलकट तवंग येतो, तळाला डांबर बसतं, मधला चहासारखा थर तेवढा आपला, तो नळीने हळूच ओढून घ्या. घाई केली तर पानांवर डांबर जाणार.

काळपट रंगावरून मला तुमच्या पाइपाचाच संशय येतोय. मी पहिल्यांदा साधा लोखंडी पाइप लावला होता, आंबट रसाने तो आतून खाल्ला आणि पाणी निघालं अगदी शाईसारखं. स्टीलचा लावा नाहीतर बांबूचा, आणि साठवायला प्लास्टिकचा कॅन. सुरुवातीचा पांढरा धूर म्हणजे बहुतेक वाफच, तो सोडून द्या. धुरांड्याच्या तोंडाशी 80 ते 150 डिग्री असताना जो पिवळसर, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो तो धरायचा, निळसर पातळ झाला की बंद. करट्या कडक वाळलेल्या हव्यात, पावसाळ्यात ह्या भानगडीत पडूच नका.

पीएच 3 म्हणजे आंबट आहे एवढंच कळलं, ॲसिड किती ते नाही. त्यासाठी टायट्रेशन (ठरावीक ताकदीचा अल्क घालून आम्ल मोजणं), कॉलेजात जाणारं कोणी घरात असेल तर त्यांच्या लॅबमध्ये सहज होईल. 5 मिली रस भरपूर डिस्टिल्ड पाण्यात मिसळा (नाहीतर तपकिरी रंगात फिनॉल्फ्थॅलीन ह्या रंग बदलणाऱ्या दर्शकाचा गुलाबी दिसतच नाही) आणि गुलाबी रंग टिकेपर्यंत 0.1 नॉर्मल (ही द्रावणाची ताकद) कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडा. समजा 42 मिली लागला, तर त्यात 0.252 ग्रॅम ॲसिड, म्हणजे साधारण 5 टक्के. ही बेरीज सगळ्या ॲसिडांची, पण मोठा वाटा ॲसेटिकचाच. फिनॉल वेगवेगळे ओळखायचे तर जीसीएमएस (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारं) मशीन लागतं, ते घरचं काम नव्हे. करटीत लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) जास्त म्हणून फिनॉलही जास्त निघतात, तो धुरकट वास त्यांचाच.

तीन महिन्यांनी एक लिटर पाण्यात 2 मिली, संध्याकाळी, आधी फक्त दोन झाडांवर. तीन दिवसांत पानांच्या कडा करपल्या तर पाणी दुप्पट करा.