टेलोमिअरवरचे वाचन सुरू करताना

शिवाजी विद्यापीठातल्या प्रबंधासाठी आपण यकृताच्या कर्करोगातील टेलोमिअरची (गुणसूत्रांच्या टोकांवरील संरक्षक डीएनए-भागांची) लांबी आणि रुग्णाचे पुढील आयुर्मान हा विषय घेतला, याचा मला मनापासून आनंद आहे. आरंभी प्रत्येक शोधनिबंधात एकच गोष्ट शोधा: लांबी गाठीत मोजली, शेजारच्या यकृतात की रक्तातील पांढऱ्या पेशींत? हे निष्कर्ष एकाच तक्त्यात मिसळणे ही नवोदितांची सर्वांत मोठी चूक आहे, कारण सिरोसिसमध्ये (यकृतात व्रणऊती साचून ते कठीण होण्याच्या आजारात) वारंवार विभाजनामुळे यकृतपेशींचे टेलोमिअर आखूड होतात, तर गाठीत टेलोमरेज हे टेलोमिअर लांबवणारे विकर पुन्हा सक्रिय झाल्याने आखूड टेलोमिअर असूनही पेशी विभागत राहतात.

आणखी दोन चुका टाळा.
- वयाबरोबर टेलोमिअर आखडतात. म्हणून वय, कर्करोगाचा टप्पा आणि यकृताची कार्यक्षमता हिशेबात न धरलेला निष्कर्ष लगेच स्वीकारू नका.
- लांबी मोजण्याच्या दोन पद्धतींपैकी क्यूपीसीआरमधून (डीएनएच्या प्रती वाढवून मोजण्याची पद्धत) सहसा सापेक्ष गुणोत्तर मिळते, तर सदर्न ब्लॉटमधून (डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करण्याची पद्धत) किलोबेसमधील, म्हणजे हजार बेसच्या एककातील लांबी. त्यांची थेट तुलना करू नका.

टेलोमरेजचा मुख्य घटक बनवणाऱ्या टर्ट जनुकाच्या प्रवर्तकातील (जनुकाचे काम सुरू करणाऱ्या भागातील) उत्परिवर्तने महत्त्वाची आहेत, पण ती सध्या बाजूला ठेवा. कोल्हापुरातील एखाद्या परिचित रुग्णाच्या नातेवाइकांनी विचारले, तर गटांच्या सरासरीवरून त्यांना भाकीत सांगू नका. त्यांना उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडेच पाठवा.