दळी म्हणजे अतिक्रमण नव्हे

प्रश्न असा आहे: रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरी वाडीच्या जुन्या कागदावर जमिनीपुढे 'दळी' लिहिलंय, आणि नव्या यादीत त्याच जमिनीपुढे 'वन अतिक्रमण'. हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे का? आणि 'दळी'चं 'दळण'शी काही नातं आहे का?

दळणाचं आधी उरकतो. दोन्हींत 'दळ' ऐकू येतं, पण त्याखेरीज नातं जोडायला काही आधार नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र ठाम नकारार्थी आहे. 'दळी' हे शेतीच्या एका रीतीचं आणि त्या रीतीसाठी मिळालेल्या जमिनीचं नाव आहे. 'अतिक्रमण' हे गुन्ह्याचं नाव आहे. एकाच्या जागी दुसरं लिहिलं की जमीन तीच राहते, कसणारा मात्र आरोपी होतो.

दळी म्हणजे डोंगरउतारावरची, नांगर न चालणारी, कुदळीने कसायची जमीन. कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी ती कसत आले. उन्हाळ्यात ऐन-किंजळीच्या झाडांचा टाहाळ (पानांसकट डहाळ्या) कोयत्याने तोडून वाळवायचा, जमिनीवर पसरायचा, वर गवत, शेण आणि मातीचा पातळ थर द्यायचा आणि पावसाआधी पेटवायचा. हा राब. त्याच्या धगीने तणाचं बी मरतं आणि राख रोपाला खत होते. वळवाने टाहाळ भिजला तर राब अर्धवट जळतो, तण राहतं आणि रोप पिवळं पडतं. राबात वाढवलेली नाचणीची रोपं पाऊस लागल्यावर उतारावर लावायची. पहिल्या वर्षी नाचणी, कारण तिला कसदार माती लागते. पुढे वरी, आणि कस उतरला की खुरासणी, जी हलक्या जमिनीतही येते. मग तो तुकडा काही वर्षं पडीक टाकून शेजारचा धरायचा.

म्हणजे 'दळी' या शब्दात पडीक वर्षंही धरलेली आहेत. आज झुडुपं वाढलेला तुकडा हाही दळीचाच भाग, त्याची पाळी यायची आहे एवढंच. बैगा आदिवासींची बेवर, माडिया आदिवासींचा पेंडा, कानडा मुलखातली कुमरी आणि गोव्यातली कुमेर या सगळ्या शब्दांत हीच पाळी आहे.

आता 'दळी' कागदावर कशी आली ते पाहू. 1865 चा आणि मग 1878 चा जंगल कायदा आला. 1878 च्या कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे वर्ग केले. ('राखीव' हा शब्दही पाहा. गावाने राखलेल्या देवराईतलं 'राखणं' आणि गावाला बाहेर ठेवणारं हे 'राखीव' धातूने एकच आहेत. अर्थ मात्र उलटा झाला.) ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यांत फिरती शेती एकदम बंद करणं सरकारला जमलं नाही, म्हणून राखीव जंगलात ठरावीक तुकडे आखून 'दळी प्लॉट' दिले गेले. नाव बहुधा एकाचं, कसणारी कुटुंबं अनेक. नोंद झाली ती जंगल खात्याच्या दप्तरात, महसुलाच्या नाही. आज सातबाऱ्यावर दळी सापडत नाही, त्याचं मूळ इथे आहे.

तुकडा आखला आणि शेती फिरायची थांबली. पडीक वर्षं कमी झाली, उताराची माती धुपली, आणि मग 'दळीमुळे डोंगर बोडके झाले' हा आरोप दळीवरच आला. खैराची झाडं राखीव झाली तेव्हा कात पाडण्याचा धंदाही गेला. ज्या धंद्यावरून कातकरी हे नाव पडलं, तोच हातून गेल्यावर कोळशाच्या भट्ट्या आणि पुढे वीटभट्ट्या एवढंच उरलं.

या सगळ्याची गुरुकिल्ली मला एका तिसऱ्या शब्दात दिसते: 'सवलत'. 1927 चा भारतीय वन अधिनियम आजही लागू आहे. त्याच्या कलम 10 चा आशय असा, की फिरती शेती ही सर्व बाबतींत सवलत मानली जाईल, आणि तिच्यावर नियंत्रण, निर्बंध घालण्याचा किंवा ती बंद करण्याचा अधिकार सरकारला राहील. गुरं चारण्याचा हक्क असू शकतो, पाण्याच्या वाटेचा असू शकतो, फिरत्या शेतीचा नाही. पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट एका शब्दाने मेहेरबानी झाली, आणि मेहेरबानी कधीही काढून घेता येते. 'एकसाली' हा शब्द याच घरातला. जमीन एका सालासाठी दिलेली, पुढच्या वर्षी नूतनीकरण न होता कसली की कसणारा अतिक्रमणदार. माणूस जागचा हलला नाही, फक्त साल उलटलं.

दिलासा आला तोही याच भाषेत. महाराष्ट्र सरकारच्या 1978 च्या निर्णयाने 31 मार्च 1978 पूर्वीची वनजमिनीवरची 'अतिक्रमणं नियमानुकूल' करायचं ठरलं. त्यामुळे लोकही स्वतःहून 'आमचं अतिक्रमण' म्हणू लागले. ही सवय अजून गेलेली नाही, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा भरताना ती महागात पडते.

कशी, ते नीट पाहा. त्या कायद्याच्या कलम 3(1) मधला 'ए' खंड कसणुकीखालच्या जमिनीबद्दल आहे. त्याला कलम 4(6) ची मर्यादा लागते: प्रत्यक्ष ताब्यातली तेवढीच जमीन, आणि तीही जास्तीत जास्त 4 हेक्टर. 'जी' खंड वेगळा आहे. सरकारने किंवा स्थानिक प्राधिकरणाने वनजमिनीवर दिलेले पट्टे, भाडेपट्टे किंवा अनुदानं यांचं मालकीत रूपांतर करण्याचा हक्क त्यात आहे. कलम 4(6) फक्त 'ए' खंडाचं नाव घेतं. दळी ही सरकारने दिलेली जमीन आहे, म्हणून ती 'जी' खंडात बसते. दावा 'अतिक्रमण' म्हणून भरला की मोजणीला येणारे जीपीएस घेऊन फक्त यंदा कसलेल्या तुकड्याच्या कडेने फिरतात, आणि पडीक तुकडे बाहेर राहतात.

म्हणून वैयक्तिक दाव्याच्या नमुन्यात स्वतः कसण्याच्या रकान्यापाशी थांबू नका. जमिनीवरच्या दाव्यांच्या स्वरूपाखाली तिसरा मुद्दा 'पट्टे, भाडेपट्टे, अनुदान असल्यास' असा आहे. तिथे 'दळी' हा शब्द लिहा, प्लॉटचा क्रमांक आणि मूळ नाव द्या. मूळ नावापासून आजच्या कसणाऱ्यापर्यंतची वंशावळ जोडा. वनहक्क कायद्याखालच्या नियमांतल्या नियम 13 मध्ये वंशावळ हा पुरावा आहे, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही. जंगल खात्याने पूर्वी केलेल्या दंडाची पावती जपली असेल तर तीही जोडा, कारण त्या वर्षी तुम्ही तिथे होतात हे ती सांगते. पुरावे एकाहून अधिक लागतात, तेव्हा एकट्या पावतीवर विसंबू नका.

याच कायद्याच्या प्रस्तावनेत 'ऐतिहासिक अन्याय' असे शब्द आहेत, आणि तो वसाहतकाळात तसाच स्वतंत्र भारतातही झाल्याचं म्हटलं आहे. कायदाच असं म्हणत असताना यादी करणाऱ्याने 'अतिक्रमण' लिहिलं, तर ग्रामसभेने ते बदलून मागायला हवं.

लेखनाबद्दल एक सूचना. इंग्रजी कागदांत या शब्दाच्या शेवटच्या अक्षरात 'ह' येतो (dalhi), म्हणून मराठी नकलेत कुठे 'दळी', कुठे 'दळ्ही', तर कुठे चक्क 'डाल्ही' दिसतं. दप्तरात शोध घेताना तिन्ही रूपं सांगा, आणि दाव्यात 'दळी (दळ्ही)' असं लिहा, म्हणजे जुना कागद आणि नवा कागद एकाच जमिनीचे आहेत हे पडताळणाऱ्याला दिसेल.