पुतण्याला भागीदार करण्यापूर्वी

बडोद्याहून आलेले पत्र, थोडे संक्षिप्त करून:

“मी बँकेतून निवृत्त झालो असून आम्ही दांडिया बाजारात राहतो. माझी मुलगी सव्वीस वर्षांची, मेकॅनिकल इंजिनिअर आहे. चांगल्या कंपनीतली नोकरी सोडून ती दोन वर्षांपासून घरातल्या एका खोलीतून मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशन कारखान्यांसाठी टाक्यांची आणि पाइपिंगची ड्रॉइंग्ज करून देते. कमाई नोकरीइतकी होते, पण ती अगदी एकटी आहे. पावसाळ्यात काविळीने तीन आठवडे अंथरुणावर होती, तेव्हा एक ग्राहक दुसरीकडे गेला. दोन ठिकाणची बिले थकली होती, ती मीच फोन करून मागितली. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा बी. कॉम. होऊन घरी आहे. त्याला निम्म्या हिश्शाचा भागीदार करून घे असे मी सुचवले, त्यावर ती दोन दिवस बोलली नाही. मी तिला मार्चपर्यंत मुदत दिली आहे. तोवर सोबतीला माणसे जमली नाहीत, तर इंजिनिअरांची गेट परीक्षा द्यायची आणि सरकारी कंपनीत जायचे. स्थळे येतात तेव्हा मुलगी काय करते हे सांगताना अवघडल्यासारखे होते. तिच्या कामाची कल्पना यावी म्हणून एक ड्रॉइंग सोबत पाठवत आहे. तिने माणसे कशी जोडावीत?”

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्ही काळजीपोटी लिहिले आहे, याविषयी मला शंका नाही. तरीही एवढ्या पत्रात मुलीचे स्वतःचे म्हणणे कुठेही नाही, आणि तिच्या एकटेपणापेक्षा मला याचीच अधिक चिंता वाटते. ती दोन दिवस बोलली नाही असे तुम्ही कळवता. तिसऱ्या दिवशी ती काय म्हणाली, ते कळवत नाही. भागीदार तुम्ही निवडलात, मुदत तुम्ही ठरवलीत, थकबाकी तुम्ही मागितलीत आणि तिच्याबरोबर कोणी नाही असा निष्कर्षही तुम्हीच काढलात. व्यवसाय करणाऱ्या माणसाला घरातून जे पाठबळ लागते, त्याचा पहिला भाग म्हणजे त्याचे निर्णय त्याला घेऊ देणे, आणि नेमका तोच भाग तुमच्याकडून तिला मिळालेला दिसत नाही.

थकबाकीच्या फोनाबद्दल स्पष्ट लिहितो. कारखान्याच्या पर्चेस विभागातल्या माणसाला बिलासाठी इंजिनिअरच्या वडिलांचा फोन आला, की त्याच्या दृष्टीने ती इंजिनिअर राहत नाही, कोणाची तरी मुलगी होते. पैसे कदाचित त्या आठवड्यात मिळतील, पण पुढच्या कामाचा दर ठरवताना तो तिच्याशी कोणत्या सुरात बोलेल, याचा विचार करून पाहा. वसुलीसाठी कायद्याने याहून बरे साधन दिलेले आहे. तिने उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, केली आहे का, हे विचारा. ती आधार आणि पॅनच्या आधारे ऑनलाइन आणि विनामूल्य होते, त्यासाठी दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. शिवाय २०२४-२५ या आकारणी वर्षापासून अशी मुदतीबाहेर थकवलेली रक्कम, ती प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत, खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापलेली असली, की मार्च जवळ येताच कारखान्याचा अकाउंटंट स्वतःहून चौकशी करू लागतो. अशा थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे जाण्याची वेळ क्वचित यावी आणि ग्राहक टिकवायचा असेल तर घाईने तिथे जाऊही नये. पण तो मार्ग उपलब्ध आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असणे पुरेसे असते.

आता त्या ड्रॉइंगविषयी. ते मी पाहिले आणि नंतर काढून टाकले, कारण त्यावरचा तपशील तिच्या ग्राहकाचा आहे आणि तो त्रयस्थ माणसाच्या हाती जाणे योग्य नाही. तिला न विचारता पाठवले असेल, तर आजच तिला तसे सांगा. काढून टाकण्यापूर्वी मात्र उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीकडे माझे लक्ष गेले. प्रत्येक ड्रॉइंगवर तिथे तीन रकाने असतात: ड्रॉन, चेक्ड आणि अप्रूव्ड, म्हणजे काढणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा. तुमच्या मुलीच्या ड्रॉइंगवर या तिन्ही रकान्यांत एकच आद्याक्षरे आहेत. तुम्ही ज्याला एकटेपणा म्हणता, त्यातला धोक्याचा भाग हाच आहे. मोठ्या कंपनीत हे तीन रकाने तीन माणसे भरतात, ती उगाच नव्हे. टाकीवरचे नॉझल, म्हणजे पाइप जोडायचे तोंड, ९० अंशांवर हवे असताना २७० अंशांवर दाखवले गेले, तर ते ज्याने काढले त्याच्या डोळ्यांना बहुधा दिसत नाही. ते दिसते ते टाकीच्या कवचाच्या प्लेटला भोक पडल्यावर, आणि तेव्हा साहित्य, वेळ आणि ग्राहक हे तिन्ही पणाला लागलेले असतात.

तेव्हा तिला जोडायचा पहिला माणूस म्हणजे तपासनीस. बडोद्यात असा माणूस मिळणे अवघड नाही. १९६५ मध्ये सुरू झालेली कोयलीची रिफायनरी, त्याच काळातला खत कारखाना आणि पुढे आलेला पेट्रोकेमिकल उद्योग यांमुळे या शहरात प्रेशर व्हेसल (दाब सहन करणाऱ्या टाक्या) आणि पाइपिंग कोळून प्यायलेले निवृत्त ड्राफ्ट्समन आणि डिझाइन इंजिनिअर पुष्कळ आहेत. सकाळी कमाटीबागेत फिरायला जात असाल, तर त्यांतल्या एखाद्याशी तुमचा रोजचा नमस्कार असेलच. येथे तुमचा खरा उपयोग आहे: एकदा ओळख करून द्या आणि बाजूला व्हा. शीटमागे किती द्यायचे, किती दिवसांत तपासून मिळायचे आणि गोपनीयतेचे काय, हे तिचे तिला ठरवू द्या. पैसे मात्र द्यायला लावा. ओळखीखातर फुकट तपासणारे काका पहिल्या महिन्यात उत्साही असतात आणि तिसऱ्या महिन्यात नातवंडांत रमतात; त्यांना बोलही लावता येत नाही.

दुसरा माणूस हवा तो तिच्याच बरोबरीचा, तिच्याच व्यवसायातला, ज्याला तुम्ही कदाचित तिचा स्पर्धक म्हणाल. पावसाळ्यात गेलेला ग्राहक आजारपणामुळे गेला असे तुम्ही म्हणता. मला वाटते, अर्धवट काम कोणाकडे आहे आणि ते कधी मिळेल, हे सांगणारे कोणी नव्हते, म्हणून तो गेला. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या अशा दोघांनी एकमेकांची आपत्काळातली व्यवस्था व्हायचे ठरवले, तर हा प्रश्न बराचसा सुटतो. त्यासाठी काही पथ्ये आहेत. दुसऱ्याला काम देण्यास ग्राहकाची लेखी संमती आधीच घेतलेली असावी. फायलींची नावे आणि रिव्हिजनचे, म्हणजे सुधारित आवृत्त्यांचे, क्रमांक अशा शिस्तीचे असावेत, की तिच्या अनुपस्थितीत तिसऱ्या माणसाला शेवटचे ड्रॉइंग कोणते हे विचारावे लागू नये. आणि ही व्यवस्था प्रकृती ठणठणीत असतानाच, एखादे लहानसे काम पूर्ण मोबदला देऊन सोपवून, एकदा चालवून पाहावी. सलाइन लावलेल्या अवस्थेत पासवर्ड सांगत बसण्याची वेळ तिच्यावर येऊ नये. आरोग्यविमा आणि तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला असणे हे यात गृहीतच आहे.

अशा बरोबरीच्या माणसाचा आणखी एक उपयोग आहे. दर काय लावावा, कोणता कारखाना रिव्हिजनवर रिव्हिजन करून घेतो आणि पैसे देताना हात आखडतो, हे असाच माणूस सांगू शकतो, घरचे नव्हे. एकाचा हातखंडा टाक्यांत असेल, दुसऱ्याचा स्ट्रक्चरल स्टीलमध्ये. हाताबाहेरचे काम ते एकमेकांकडे पाठवतात. तिच्या बॅचचे लोक आणि सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेतले जुने विद्यार्थी येथे कामाला येतील. दर आठवड्याला न्याहारीला जमून सक्तीने एकमेकांची नावे सुचवणाऱ्या सशुल्क गटांविषयी मी उदासीन आहे. विमा एजंटाला त्यांचा फायदा होत असेल, पण फॅब्रिकेटर तिथे येऊन बसत नाही. त्याऐवजी फेडरेशन ऑफ गुजरात इंडस्ट्रीज किंवा वडोदरा चेंबर यांच्या कार्यक्रमांना आणि प्रदर्शनांना जाऊन कारखान्यांच्या उत्पादन विभागातल्या माणसांशी बोलणे अधिक फलदायी ठरेल.

आता पुतण्याविषयी, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. भागीदार म्हणजे आधार, असे तुम्ही गृहीत धरले आहे. १९३२ चा भागीदारी कायदा तसे म्हणत नाही. त्या कायद्यानुसार प्रत्येक भागीदार हा संस्थेचा प्रतिनिधी असतो आणि त्याने व्यवसायाच्या ओघात जे कबूल केले, ते संस्थेवर आणि पर्यायाने दुसऱ्या भागीदारावर बंधनकारक होते. देणी फेडण्याची जबाबदारी दोघांची एकत्र आणि प्रत्येकाची स्वतंत्रही असते, आणि ती हिश्शापुरती मर्यादित नसते, वैयक्तिक मालमत्तेपर्यंत पोहोचते. उद्या तुमच्या पुतण्याने उत्साहाच्या भरात अशक्य तारखेचे काम घेतले किंवा संस्थेच्या नावावर उधारी केली, तर ती तुमच्या मुलीला निस्तरावी लागेल. आणि इतके करून भागीदारीची नोंदणीच केलेली नसेल, तर थकलेल्या बिलासाठी ग्राहकावर दावा लावण्याची वाटही बंद होते. मुलगा गुणी असेल, मी त्याला ओळखत नाही. परंतु ज्याला ड्रॉइंग वाचता येत नाही आणि ज्याने भांडवलही आणलेले नाही, त्याला निम्मा हिस्सा देण्याला आधार म्हणत नाहीत. ती दोन दिवस अबोल राहिली, हे मला संयमाचेच वाटते.

तुम्हाला आपल्या शहरातले उदाहरण द्यायचे, तर अलेम्बिक या औषध कंपनीचे देता येईल. १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन या तिघांनी तिची पायाभरणी केली. तिघांची आडनावे पाहा. त्यांना एकत्र आणले ते रसायनशास्त्राने, भाऊबंदकीने नव्हे. गज्जर हे सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेचे पहिले प्राचार्य होते, हेही लक्षात घ्यावे. बडोद्यातली आपली बहुतेक मराठी घराणी गायकवाडांच्या चाकरीच्या निमित्ताने इथे आली आणि शिक्क्याची नोकरी हीच प्रतिष्ठा, हे आपल्या रक्तात भिनले. पण त्याच महाराजांनी हातात कौशल्य देणारी शाळाही काढली होती, याचा आपल्याला सोयीस्कर विसर पडतो.

गेट ही चांगली परीक्षा आहे, तिचा निकाल तीन वर्षे ग्राह्य असतो आणि अनेक सरकारी कंपन्या त्यावर उमेदवार निवडतात. मुलीला स्वतःहून द्यावीशी वाटली, तर तिने अवश्य द्यावी. ‘माणसे जमली नाहीत तर’ अशी शिक्षा म्हणून दिलेली परीक्षा मात्र कोणाच्या लाभाची ठरत नाही. मार्चची मुदत मागे घ्या. तिच्या हिशेबात मला एकच गोष्ट तपासावीशी वाटते, आणि तीही तिने स्वतः तपासावी: वर्षाच्या कमाईतला किती भाग एकाच कारखान्याकडून येतो? निम्म्याहून अधिक असेल, तर ती नावापुरती स्वतंत्र आहे, प्रत्यक्षात सुट्टी आणि भविष्यनिर्वाह निधी नसलेली नोकरीच करते आहे, आणि पुढच्या वर्षाचे पहिले काम नवे दोन ग्राहक मिळवणे हे असले पाहिजे. पगारी माणूस त्यानंतर. तोही नियमित काम सांभाळेनासे झाले तरच, आणि आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन अभ्यासक्रम केलेला.

स्थळांसमोर अवघडण्यासारखे काहीही नाही. मुलीचा स्वतःचा ड्रॉइंग आणि डिझाइनचा व्यवसाय आहे, असे पूर्ण वाक्य बोलावे. ते ऐकून जे स्थळ मागे फिरेल, त्याला थांबवू नये.

भावाला काय सांगावे, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. भागीदारीचा निर्णय मुलीचा आहे, असे त्यांना सरळ सांगावे, आणि तिचे उत्तर नाही असेल, तर तेही तसेच सांगावे. आर्थिक अडचण किंवा ‘सध्या नको’ अशी सबब पुढे करू नये, कारण ‘सध्या’ संपले की ते पुन्हा विचारतील. पुतण्याने एखाद्या चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात बसून टॅली, जीएसटी विवरणपत्रे आणि टीडीएस यांचे काम वर्षभर मन लावून शिकावे. तुमच्या मुलीला हिशेबासाठी माणूस लागेल, तेव्हा तिने इतर दोघांबरोबर त्यालाही दर विचारावा, आणि काम कोणाला द्यायचे ते तिने ठरवावे.